हायवे सोडा, पांदण धरा

नागपुरात सायकल चालवणारे वाढले आहेत. पहाटे साडेपाचला वर्धा रोडवर, काटोल रोडवर, कामठीकडे जाणाऱ्या रस्त्यावर हेल्मेट घातलेली मंडळी दिसतात. त्यांत नोकरदार आहेत, निवृत्त झालेले आहेत आणि पन्नाशीत पहिल्यांदा सायकलवर बसलेल्या बायकाही आहेत. लांब पल्ल्याची सायकल या शहराला अनोळखी नाही. आपल्याच गावच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतची, सुमारे ४,८०० किलोमीटरची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ एकट्याने पूर्ण केली. दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत संपवायच्या ‘ब्रेव्हे’ नावाच्या फेऱ्या इथे होतात; त्यांचे नियम पॅरिसमधल्या एका जुन्या सायकल क्लबचे आहेत.

या सगळ्यांचा रस्ता मात्र एकाच जातीचा. डांबरी नाहीतर सिमेंटचा, आणि शेजारून ट्रक. समृद्धी महामार्गावर सायकलला प्रवेशच नाही. जबलपूरकडे आणि भंडाऱ्याकडे जाणारे महामार्ग रुंद झाले तसा गाड्यांचा वेगही वाढला, आणि कडेची पांढरी पट्टी सायकलवाल्याला वाचवत नाही. इतकं करून दिसतं काय, तर ढाब्यांच्या पाट्या आणि टोलनाका.

माझं सांगणं साधं आहे. आठवड्यातली एक फेरी हायवेवरून काढून घ्या आणि शेतांतल्या पांदणीवर, नहराच्या म्हणजे कालव्याच्या पाळीवर, मुरमाच्या रस्त्यावर न्या. कन्हान आणि वैनगंगेचं खोरं आपल्या दारात आहे. तिथे सायकलसाठी नवं काही बांधायची गरज नाही. रस्ते आहेत, आपण त्यांवर जात नाही, एवढंच.

नवी सायकल लागत नाही

कच्च्या रस्त्यांवर चालवायच्या सायकलींचा एक वेगळा प्रकार गेल्या दहा-पंधरा वर्षांत जगभर पसरला आहे. त्याला ग्रॅव्हल बाइक म्हणतात. खाली वळलेलं हँडल, रुंद टायर, डिस्क ब्रेक. दुकानात विचारलंत तर किंमत ऐकून घरी परत याल. हरकत नाही, ती घेऊ नका.

आपल्या आजोबांच्या काळ्या, उभ्या हँडलच्या सायकलचा टायर आठवा. अठ्ठावीस इंची चाक आणि दीड इंची टायर. मिलिमीटरमध्ये तो साधारण ४० भरतो. आजच्या ग्रॅव्हल बाइकला साधारण ३८ ते ४५ मिलिमीटरचा टायर असतो. म्हणजे दूधवाले, पोस्टमन आणि शाळेचे गुरुजी पाऊणशे वर्षांपूर्वी जे चालवत होते, त्याच मापाला आता नवं नाव मिळालं आहे. घरात हायब्रिड सायकल असेल तर तिला बसेल तेवढा रुंद, शक्यतो ३५ मिलिमीटरच्या वरचा टायर टाकून घ्या. मुलाची एमटीबी (माउंटन बाइक) पडून असेल तर ती तशीच काढा. फक्त २५ मिलिमीटरच्या बारीक टायरची रेसिंग सायकल या कामाची नाही. ती घरी ठेवा.

फ्रान्समध्ये काय केलं

फ्रान्समध्ये ल्वार नावाची नदी आहे. तिच्या खोऱ्यातून सुमारे ९०० किलोमीटरचा सायकलमार्ग जातो, थेट अटलांटिक महासागरापर्यंत. जगभरातून लोक तिथे सायकल चालवायला जातात. आपल्याला वाटतं, श्रीमंत देश, त्यांनी करोडो रुपये ओतून खास रस्ता बांधला असेल. काही ठिकाणी बांधलाही. पण त्या मार्गाचा मोठा भाग जुन्याच वाटांचा आहे. पूर अडवायला बांधलेले मातीचे बांध, कालव्यांच्या कडेने पूर्वी घोड्यांनी नावा ओढायच्या त्या वाटा, शेतांतले रस्ते आणि गावागावांना जोडणाऱ्या कमी वर्दळीच्या सडका. हे सगळं त्यांनी जोडलं आणि प्रत्येक वळणावर पाटी लावली.

दुसरं एक काम त्यांनी केलं, ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. मार्गापासून पाच किलोमीटरच्या आत ज्याचं राहण्याचं ठिकाण आहे, जो सायकल रात्री कुलपात ठेवू देतो, पंक्चरचं सामान आणि पंप देतो, त्याला ‘सायकलवाल्यांचं स्वागत’ अशा अर्थाची एक ठरावीक पाटी मिळते. ती पाटी दिसली की पाहुणा बिनधास्त उतरतो. गावातल्या माणसाच्या हातात दोन पैसे पडतात, म्हणून गावही वाट सांभाळतं.

ल्वारच्या काठचे बांध सायकलसाठी बांधलेले नव्हते. आपल्या पेंच प्रकल्पाच्या नहराची पाळही नाही. पण सायकल दोन्हींवर चालते.

आपलं खोरं

नागपूरचा नकाशा पाण्याच्या नजरेने पाहा. नाग नदी लावा गावाजवळच्या टेकड्यांतून निघते, अंबाझरीतून शहरात येते आणि शहराची सगळी घाण घेऊन पूर्वेला कन्हानकडे जाते. कन्हान सातपुड्यातून, छिंदवाडा जिल्ह्यातून येते. तिला पेंच मिळते, कोलार मिळते. मग ती वैनगंगेला मिळते, आणि ते पाणी प्राणहिता आणि गोदावरी करत बंगालच्या उपसागरात जातं. शहराच्या पूर्वेला आणि उत्तरेला जो सपाट, नद्यांनी विणलेला मुलूख आहे, तो सायकलला सोपा आहे. मोठा चढ फक्त रामटेकच्या गडावर, आणि तिथे सायकल खाली ठेवून पायऱ्या चढता येतात.

रस्त्याची जात ओळखायची तर पायाखालचा दगड ओळखा. दख्खनच्या काळ्या कातळाची पूर्वेकडची कड नागपूरजवळ संपते. पश्चिमेला कळमेश्वर-काटोलकडे काळा दगड आणि त्याची काळी माती; कापूस, तूर, संत्रा. कामठीजवळ वालुकाश्म लागतो, आणि त्या खडकांना भूशास्त्रात ‘कामठी’ हेच नाव आहे. त्याच पट्ट्यात कोळशाच्या खाणी. त्याच्याही पूर्वेला रामटेक, मौदा, भंडारा इकडे जुना, दाणेदार खडक आणि धानाची शेती. या भागातला शेतकरी जमिनीचे प्रकार नावानिशी सांगतो: कन्हार, मोरंड, सिहार, बरडी. कन्हार म्हणजे भारी काळी चिकण जमीन. बरडी म्हणजे उंचावरची, मुरमाड, हलकी. सायकलवाल्याने गावात विचारायचा प्रश्न हाच: “काका, ही पांदण कन्हारीतून जाते का बरडीतून?” बरडीतून असेल तर पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशीही निघता येतं. कन्हारीतून असेल तर आठवडाभर नाव काढू नका. ओली काळी माती टायरला चिकटते, फ्रेम आणि चाकाच्या मध्ये दबत जाते आणि शंभर मीटरवर चाक फिरेनासं होतं. मग सायकल खांद्यावर.

कुठे जायचं

चार दिशा सांगतो. यांत थोडी डांबरी सडक येईलच. मोठ्या रस्त्यावरून गावाच्या फाट्याला वळायचं, गावात चहा घेत पुढची वाट विचारायची आणि कच्च्याला लागायचं.

पहिली, सगळ्यांत जवळची, कामठी आणि बिना संगमाची. कामठीची छावणी १८२१ सालची, नागपूरहून पंधरा-सोळा किलोमीटर. तिथून पुढे कोराडी-खापरखेड्याच्या बाजूला कन्हान, पेंच आणि कोलार या नद्या एकत्र येतात. अंतर कमी, नदी मोठी, म्हणून पहिल्या फेरीला बरी. अडचण एक: वीज केंद्रांमुळे या पट्ट्यात कोळशाचे आणि राखेचे ट्रक फिरतात. रविवारी पहाटे जा आणि नऊच्या आत परत फिरा.

दुसरी, रामटेक-नगरधनची. नागपूरहून रामटेक पन्नासेक किलोमीटर आहे. नवख्याने सायकल गाडीवर टाकून रामटेकपर्यंत न्यावी आणि तिथून चालवावी, त्यात कमीपणा काही नाही. रामटेकच्या दक्षिणेला आठ-नऊ किलोमीटरवर नगरधनचा किल्ला आहे. हेच वाकाटकांचं नंदिवर्धन. मनसरला त्याच राजवटीच्या काळातले उत्खननात निघालेले अवशेष आहेत. या तीन ठिकाणांच्या मधला मुलूख धानाच्या बांध्यांचा, तळ्यांचा आणि पेंचच्या नहरांचा. नवेगाव खैरीच्या धरणातून निघालेला डावा कालवा याच रामटेक-मौद्याच्या बाजूला पाणी देतो. गडावरून खिंडसी तलाव पाहिलात की सकाळी आपण कोणत्या वाटेने आलो तेही वरूनच शोधता येतं.

तिसरी, पश्चिमेची. कळमेश्वर तालुक्यात चंद्रभागा नावाची नदी आहे. तिच्या काठी धापेवाड्याचं विठ्ठल मंदिर, ज्याला विदर्भाचं पंढरपूर म्हणतात, आणि जवळच अदासा, टेकडीवरचा गणपती. डिसेंबर-जानेवारीत कापूस वेचणी चालू असते आणि संत्र्याच्या बागा भरलेल्या असतात. ही बाजू पूर्ण काळ्या मातीची. दिवाळीनंतर माती वाळली, बैलगाड्यांनी आणि ट्रॅक्टरने दबली की चालते, त्याआधी नाही.

चौथी, आणि माझ्या मते सगळ्यांत सुंदर, अंभोऱ्याची. कुही तालुक्यात, नागपूरहून सत्तरेक किलोमीटरवर, वैनगंगा, कन्हान आणि आणखी तीन लहान नद्यांचा संगम आहे. काठावरच्या टेकडीवर चैतन्येश्वराचं मंदिर. मुकुंदराजांनी ‘विवेकसिंधु’ इथेच लिहिला असं या भागात मानतात. शके १११० हा त्या ग्रंथाचा काळ सांगितला जातो. मराठवाड्यात अंबाजोगाईचे लोक हे मानत नाहीत, आणि तो वाद आपल्याला सायकलवर बसून मिटवायचा नाही. २०२४ मध्ये इथे वैनगंगेवर तारांनी तोललेला नवा पूल झाला. पलीकडे भंडारा जिल्हा. पुलावरून संगम पाहा, पण आठवण ठेवा की समोर दिसणारं ते अफाट पाणी गोसीखुर्द धरणाचं आहे. १९८८ साली त्या धरणाची पायाभरणी झाली आणि पुढे या काठांवरची कितीतरी गावं उठली. जुनं गाव कुठे होतं ते दाखवायला लोक पाण्याकडे बोट करतात. इथे जाताना पर्यटकाच्या उत्साहाने बडबड करू नका, विचारा, ऐका.

अंभोऱ्याबद्दल एक व्यवहाराची सूचना. मोबाइलच्या नकाशावरची बारीक वाट पाहून या भागात सरळ निघू नका. बुडीत क्षेत्रातले जुने रस्ते पाण्यात उतरतात, आणि पाण्याची पातळी ऋतूप्रमाणे बदलते. वेलतूर किंवा कुहीला थांबून माणसांना विचारा.

कधी जायचं

दिवाळीपासून होळीपर्यंत. यात खरा मोसम नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा मध्य. पहाटे नदीकाठी धुकं असतं, थंडी आठ-दहा अंशांपर्यंत उतरते, म्हणून हातमोजे आणि पुढे-मागे दिवा ठेवा. डिसेंबरात सूर्य पावणेसातच्या सुमाराला उगवतो. कच्च्या वाटेवर अंधारात जाऊ नका. उजाडेपर्यंत डांबरीवर राहा आणि मग आत वळा.

मार्चच्या शेवटापासून नऊच्या आत घरी. एप्रिल-मे महिन्यांत पंचेचाळीस अंशांत सायकल चालवणं ही मर्दुमकी नाही. उन्हाळ्यात नाग, कन्हान, वैनगंगा यांपैकी कोणत्याही काठावर दुपारी सावली मिळत नाही. जून ते ऑक्टोबर नहराची मुरमाड पाळ, तीही पाऊस थांबला असेल तर. रपट्यावरून, म्हणजे ओढ्यावरच्या बुटक्या पुलावरून, पाणी वाहत असेल तर घोट्याएवढं असलं तरी उतरायचं नाही, परत फिरायचं. आणि धरणाखालच्या नदीपात्रात पावसाळ्यात फोटोसाठीसुद्धा जायचं नाही. वर दरवाजे उघडले की ऊन असतानाही पाणी वाढतं.

त्रिपुरी पौर्णिमेला रामटेकला, आषाढात धापेवाड्याला यात्रेची गर्दी असते. ते दिवस सायकलचे नाहीत. गेलात तर भाविक म्हणून जा.

सायकल आणि सामान

कच्च्या रस्त्यावर हवा कमी ठेवा. रस्त्यावर सत्तर-ऐंशी पीएसआय भरणारे लोक तीच हवा घेऊन मुरमावर येतात आणि हाडं खिळखिळी करून घेतात. ४० मिलिमीटरच्या टायरला, सत्तर किलोच्या माणसाला चाळीस-पंचेचाळीस पीएसआय पुरते. एमटीबीच्या जाड टायरला त्याहून कमी. टायरच्या बाजूला कमीत कमी आणि जास्तीत जास्त हवा छापलेली असते, त्याच्या आत राहा.

आपला खरा शत्रू बाभळीचा काटा आहे. पांदणीच्या दोन्ही बाजूंना बाभूळ आणि बोर, जमिनीवर सराटे, आणि शेतकऱ्याने कुंपणाला तोडून टाकलेल्या काटेरी फांद्या. पंक्चर होणारच असं धरून चला. दोन जास्तीच्या ट्यूब, टायर काढायचे लिव्हर, पॅच, सोल्युशन, हातपंप आणि काटा उपटायला एक बारीक चिमटा. नवी ट्यूब टाकण्याआधी टायरच्या आतून बोटं हळू फिरवा. काटा तिथेच अडकलेला असतो आणि दुसरी ट्यूबही खातो. हे काम घरी, अंगणात, दोनदा करून पाहा. वावरात उन्हात पहिल्यांदा शिकू नका. गावात पंक्चरवाला असतो, पण त्याचं दुकान बहुतेक मोटरसायकलचं, आणि तुमच्या ट्यूबच्या बारीक तोंडाला त्याचा पंप लागेलच असं नाही. ते जोडायचं छोटं पितळी अॅडॉप्टर खिशात ठेवा.

माणशी दोन लिटर पाणी, ओआरएसची पुडी, एखादी गुळपोळी नाहीतर शेंगदाण्याचा लाडू. सुट्टे पैसे. नदीचं, नहराचं पाणी प्यायचं नाही. नाग नदीच्या खालच्या अंगाला तर हातही धुवायचे नाहीत.

चालवायचं कसं

वेग विसरा. डांबरी रस्त्यावर तासाला वीस-बावीस किलोमीटर जाणारा माणूस इथे बारा-चौदा जातो. चाळीस किलोमीटरची फेरी म्हणजे चहापाण्यासह चार तास, असा हिशेब धरा आणि घरी तसंच सांगून निघा.

बैलगाडीच्या चाकोऱ्या पडलेल्या असतात. एका चाकोरीत चाललात तर तिच्यातच राहा. वेगात असताना बाजूची चाकोरी धरायला गेलात की पुढचं चाक कडेला घासतं आणि तुम्ही जमिनीवर. बदलायचीच असेल तर हळू व्हा, पाय टेका, उचलून ठेवा. रेती लागली तर आधीच हलका गिअर घ्या, हँडल सैल धरा, पायडल थांबवू नका. सुट्या मुरमावर पुढचा ब्रेक करकचून दाबू नका, आणि वळणावर तर दोन्ही ब्रेक वळण्याआधीच मारा.

नहराच्या पाळीवर एकामागे एकच. कठडा नसतो, काठ ढासळलेले असतात. सिंचनाची पाळी चालू असली की पाणी ओढ घेतं आणि सिमेंटच्या उतरत्या भिंतीवरून पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. लहान मुलांना पाळीवर आणू नका. ही पाळ जलसंपदा विभागाची आहे, त्यांच्या देखरेखीसाठी आहे. फाटक बंद असेल, मनाईचा फलक असेल तर तिथेच वळा.

ज्यांची खरी भीती धरावी

वाघापेक्षा तारेची भीती धरा. रानडुकरांपासून पीक वाचवायला शेतांभोवती झटका मशीनची तार असते. काही जण थेट वीज सोडतात, ती बेकायदा आहे आणि जीव घेते. पांदण सोडून वावरात पाय टाकायचा नाही, आणि कोणत्याही तारेला हात लावायचा नाही.

दुसरी भीती रेतीच्या टिप्परची. कन्हान आणि वैनगंगेच्या रेतीघाटांकडे जाणारे रस्ते दिसायला कच्चे आणि निर्मनुष्य असतात, आणि वळणावरून भरलेला टिप्पर येतो. खोल चाकांच्या ताज्या खुणा आणि सांडलेली रेती दिसली की तो रस्ता आपला नव्हे. नदीत पोहायचंही नाही. रेती उपसून पात्रात खड्डे झालेले आहेत, आणि काठावरून ते दिसत नाहीत.

जंगलाच्या बाबतीत नियम सोपा आहे. पेंच व्याघ्र प्रकल्प, उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य यांच्या हद्दीतल्या वाटांवर परवानगीशिवाय सायकल न्यायची नाही. हद्दीबाहेरच्या शेतांतही जनावर येतं, म्हणून जंगलालगतच्या गावांत उजाडल्यावर जायचं, अंधाराआधी निघायचं, आणि गावकरी म्हणाले “तिकडे जाऊ नका” की कारण न विचारता ऐकायचं.

कुत्रे मागे लागले तर पळू नका. खाली उतरा, सायकल मध्ये धरा, चालत पुढे जा. कपाशीवर फवारणी चालू असेल तर तोंडावर रुमाल बांधून लवकर पार व्हा, चहा पुढच्या गावात. आणि एकट्याने निघू नका. तीन-चार जण हा उत्तम आकडा. पंधरा जणांची वरात कच्च्या वाटेवर कोणालाच नको असते.

पाहुण्यासारखं वागा

पांदण ही शेतकऱ्याची कामाची जागा आहे. तिथे आपण रिकामे, तो कामात. हे एकदा डोक्यात बसलं की बाकी रीत आपोआप येते.

बैलगाडी समोरून आली तर सायकलवरून उतरा आणि बाजूला उभे राहा. मागून जाताना बैलाच्या कानाशी घंटी वाजवू नका. आधी गाडीवाल्याला हाक द्या. वाटेवर सोयाबीन, तूर किंवा धान वाळत घातलं असेल तर उचलून कडेने जा. काट्याचं फाटक उघडलंत तर बंद करा. संत्रं, हरभऱ्याचा घाटा, बोरं, काहीही तोडू नका. “एक घेतलं तर काय होतं” असं म्हणणारे रविवारी किती येतात, ते शेतकऱ्याला विचारा. वेचणीला वाकलेल्या बायकांचे फोटो न विचारता काढू नका. मिरची वाळवायच्या सातऱ्यावर लाल गालिचा छान दिसतो, पण तिथे दिवसभर देठं तोडणाऱ्या हातांची आग होत असते.

रामराम कोणी घातला तर रामराम, जय भीम म्हटलं तर जय भीम, पारशिवनी-रामटेककडे जय सेवा म्हटलं तर जय सेवा. “कुठून आले जी?” हा प्रश्न हमखास येतो. थांबून उत्तर द्या. घड्याळातले आकडे थोडे घसरतील, घसरू द्या.

आणि पैसे गावात खर्च करा. शहरातून डबा, पाण्याच्या बाटल्या, बिस्किटं सगळं घेऊन गेलात आणि गावात फक्त कचरा टाकून आलात, तर उद्या कोणी वाट दाखवणार नाही. गावातल्या हॉटेलात पोहे-तर्री खा, आलूबोंडा खा. नदीकाठच्या गावात सांगून ठेवलं तर भाकर आणि मासोळीचा रस्सा मिळतो. वाडीवरून टरबूज घेतलंत तर घासाघीस करू नका.

वाट शिल्लक राहावी म्हणून

पांदणी कमी होत आहेत. शेजारचा दर वर्षी नांगर एक हात पुढे घालतो, बाभूळ वाढते, कोणी दगड टाकतो, आणि दहा वर्षांत गाडीरस्ता पाऊलवाट होतो. खरं तर गाव नकाशावर हे रस्ते आखलेले आहेत. तुटक दुहेरी रेघ म्हणजे गाडीमार्ग, त्याची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. तुटक एकेरी रेघ म्हणजे पायमार्ग, सव्वाआठ फूट. अडवलेला रस्ता मोकळा करून मागायला १९०६ चा मामलतदार न्यायालय कायदा आहे. बांधावरून नवा रस्ता मागायला जमीन महसूल संहितेचं कलम १४३ आहे. २०२१ साली सरकारने मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आणली, त्यात रोजगार हमीतून हे रस्ते करायची सोय केली.

ही लढाई शेतकऱ्याची आहे. त्याला धान, कापूस आणि खत न्यायला रस्ता हवा आहे. आपली हौस त्यानंतर. पण शहरातल्या सायकल गटांनी थोडी मदत जरूर करावी. प्रत्येक गटाने एक नदी किंवा एक नहर धरावा. त्या पट्ट्यातल्या वाटा वर्षभर पाहाव्यात. कोणती कधी चालते, कुठे अडली आहे, कुठे रपटा वाहून गेला आहे, हे लिहून ठेवावं आणि ग्रामपंचायतीला नेऊन द्यावं. गावातलं एखादं हॉटेल किंवा घर सायकल ठेवू द्यायला, पंप ठेवायला तयार असेल तर त्याचं नाव आपसांत सांगावं, आणि त्याच्याकडे खरंच थांबावं. फ्रान्समधली पाटी शेवटी एवढंच काम करते. एक पथ्य मात्र पाळा: कोणाच्या खाजगी वावरातून गेलेली वाट नकाशावर चढवून जगजाहीर करू नका. त्याने तुम्हाला जाऊ दिलं, शंभर जणांना नव्हे.

आणि कृपा करून कोणी या वाटांवर सायकलसाठी डांबर मागू नका. शेतकऱ्याला खडीकरण हवं असेल तर ते व्हावं, त्यावर आपणही आनंदाने चालवू. पण सायकल ट्रॅकच्या नावाने सिमेंट ओतून, त्यावर दिवे आणि सेल्फी पॉइंट उभे करून नदीकाठाचं काय होतं, ते शहरातल्या तलावांवर आपण पाहतो आहोत.

येत्या रविवारची तयारी आजच करा. सायकल बाहेर काढा, टायरची रुंदी वाचा, हवा थोडी कमी करा, एक पंक्चर स्वतःच्या हाताने काढून पाहा. सोबतीला दोन जण मिळवा. पहिल्यांदा वीस-पंचवीस किलोमीटरच जा, कामठीच्या बाजूला नाहीतर तुमच्या घराच्या दिशेला जी नदी असेल तिकडे. दोन-तीन रविवार गेले की धापेवाडा किंवा नगरधन. अंभोरा संक्रांतीच्या पुढे, अंगात सवय आल्यावर. दर वेळी एक नवा माणूस बरोबर घ्या, शक्यतो असा की ज्याला वाटतं सायकल फक्त महागड्या हेल्मेटवाल्यांची. त्याच्या घरी एखादी जुनी काळी सायकल पडलेली असेल, तर तिला तेल घालायला सांगा. ती या रस्त्यांना पुरेशी आहे.